एकटीचं रेकॉर्ड कुठल्या वॉर्डात?

आमच्या मॉर्मन चर्चमध्ये प्रत्येक माणसाचं एक रेकॉर्ड असतं. नाव, जन्मतारीख, बाप्तिस्मा कधी झाला, एन्डाउमेंट झालं का, सीलिंग झालं का (दोन्ही टेम्पलमधले, म्हणजे चर्चच्या मंदिरातले विधी; सीलिंगने नवरा-बायको कायमचे जोडले जातात), अशा नोंदी त्यात असतात. हे रेकॉर्ड कायम कुठल्यातरी एका वॉर्डाकडे असतं. वॉर्ड म्हणजे पत्त्यावरून ठरलेली मंडळी. अमुक बिशप, म्हणजे वॉर्डाचा प्रमुख, आवडतो म्हणून त्याच्या वॉर्डात जाऊ, असं चालत नाही. लग्न झालेल्या बाईला या रेकॉर्डची आठवण घर बदलताना होते, तेवढीच. लग्न न झालेल्या बाईला मात्र ती सारखी ठेवावी लागते, कारण तिचा वॉर्ड पत्त्याबरोबर वयावर आणि लग्न झालंय की नाही यावरही ठरतो. अमेरिकेतल्या यूटा राज्यात एकटीने राहायचं तर आधी हे रेकॉर्डचं गणित समजून घ्यावं. मन वगैरे सांभाळायचं आहेच, पण ते नंतर.

‘मॉर्मन’ हा शब्द २०१८ पासून चर्च स्वतःसाठी वापरत नाही. तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी पूर्ण नावाचा आग्रह धरला: ‘द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. बाहेरच्यांना अजून जुनाच शब्द कळतो, म्हणून इथे तोच ठेवला आहे.

लग्नाचं एवढं स्तोम का, हे मराठी वाचकाला वरवर ओळखीचं वाटेल. ‘यंदा कर्तव्य आहे का?’ हा प्रश्न आपल्याकडेही प्रत्येक मुंजीत आणि बारशात विचारला जातोच. इथे मात्र लोक काय म्हणतील एवढ्यावर भागत नाही. आमच्या धर्मग्रंथांपैकी ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स’च्या १३१व्या प्रकरणात म्हटलंय की सर्वोच्च स्वर्गात तीन पायऱ्या आहेत आणि सगळ्यांत वरची पायरी विवाहाच्या करारात शिरलेल्यांनाच मिळते. १९९५ साली अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी कुटुंबाविषयीचा जाहीरनामा वाचून दाखवला, तोही रिलीफ सोसायटीच्या, म्हणजे बायकांच्याच सभेत. तो आज असंख्य मॉर्मन घरांच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेला दिसतो. जिला या जन्मात योग्य जोडीदार मिळाला नाही आणि जी करार पाळत राहिली, तिचा कुठलाही आशीर्वाद हुकणार नाही, असंही नेते सांगतात. हे आश्वासन पुनर्जन्माचं नाही. याच देहाचं पुनरुत्थान झाल्यावर, याच नावाने, ते पुरं व्हायचं आहे. ऐकायला बरं वाटतं, पण मंगळवारी संध्याकाळी नळ गळायला लागला तर त्याचा उपयोग नाही.

आणि एकट्या माणसांची संख्या काही थोडीथोडकी नाही. चर्चच्या प्रौढ सभासदांपैकी निम्म्याहून अधिक अविवाहित, विधवा-विधुर किंवा घटस्फोटित आहेत, हे एप्रिल २०२१च्या जनरल कॉन्फरन्समध्ये व्यासपीठावरूनच सांगितलं गेलं. बहुसंख्य आपणच, आणि तरी वॉर्डाच्या यादीत ‘कुटुंब’ या रकान्यात एकटंच नाव. ही विसंगती पुढे पावलोपावली भेटते.

अठरा ते पस्तीस

अठराव्या वर्षी मुलगी रिलीफ सोसायटीत जाते. १८४२ मध्ये नॉव्हू गावात सुरू झालेली ही बायकांची संघटना. त्याच वेळी तिच्यापुढे दोन वाटा येतात: आईवडिलांच्या वॉर्डात राहायचं की तरुण अविवाहितांच्या, म्हणजे ‘वाय-एस-ए’ वॉर्डात जायचं. या वॉर्डांची वयोमर्यादा वर्षानुवर्षं १८ ते ३० होती, अलीकडे ती ३५पर्यंत वाढवली आहे. वाय-एस-ए वॉर्डात बिशप आणि त्याची बायको सोडली तर जवळपास सगळे बिनलग्नाचे. सोमवारी रात्री फॅमिली होम इव्हनिंग, म्हणजे एकत्र प्रार्थना आणि गप्पा, रविवारी प्रार्थनेनंतर ‘लिंगर लाँगर’, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणून एकत्र जेवायचं आणि रेंगाळायचं. रेंगाळण्याचा हेतू सगळ्यांना ठाऊक असतो. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच म्हणा, फक्त शंभर जणांचा आणि दर महिन्याला.

इथली पहिली नेहमीची चूक म्हणजे जायचं एका वॉर्डात आणि रेकॉर्ड ठेवायचं दुसऱ्यात. आई म्हणते, ‘राहू दे ना इथेच.’ मग वाय-एस-ए वॉर्डात कॉलिंग, म्हणजे सेवेची नेमणूक मिळत नाही, कारण तिथल्या यादीत नाव नसतं. घरच्या वॉर्डातही मिळत नाही, कारण तिथे तोंड दिसत नाही. टेम्पल रेकमेंडची, म्हणजे टेम्पलमध्ये जाण्याच्या परवान्याची, मुलाखत ज्या बिशपकडे द्यायची, तो ओळखतच नाही. महिन्याभरात पक्कं ठरवावं आणि वॉर्ड क्लार्कला सांगून रेकॉर्ड हलवून घ्यावं. दोन मिनिटांचं काम आहे.

यूटातल्या प्रोव्होमध्ये चर्चच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठात हा सगळा प्रकार दाट होतो. तिथल्या ऑनर कोडनुसार लग्नाआधी शरीरसंबंध नाही, दारू-चहा-कॉफी नाही, मुलामुलींनी एकमेकांच्या घरी थांबायच्या वेळाही ठरलेल्या. म्हणून पहिली भेट आइस्क्रीमच्या दुकानात होते, आणि रविवारी खरेदी करायची नाही म्हणून ती शुक्रवारी किंवा शनिवारी. साखरपुडा ते लग्न हे अंतर बऱ्याचदा काही महिन्यांचंच असतं. ‘रिंग बाय स्प्रिंग’ ही तिथली थट्टा, पण हिवाळ्याचं सत्र संपताना खरंच दर आठवड्याला कुणीतरी अंगठी दाखवतं. चोविसाव्या वर्षी आपण म्हाताऱ्या झालो, असं तिथल्या मुलींना मनापासून वाटतं. सॉल्ट लेकला नोकरीला लागल्यावर ते वय आपोआप सात-आठ वर्षं पुढे सरकतं. राज्याबाहेर पडलं तर आणखी. म्हणून बाविशी-तेविशीतल्या मुलीला द्यावा असा एकच सल्ला आहे: पदवी पुरी कर, आणि चाळीस वर्षं आपल्याला एकटीला कमवायचं आहे असं धरून विषय निवड. जाहीरनाम्यात कमावण्याची मुख्य जबाबदारी वडिलांवर आणि मुलांच्या संगोपनाची आईवर सांगितली आहे. ते वाचून अनेकजणी दोन वर्षांच्या कामापुरतं शिक्षण घेतात आणि तिशीत अडकतात. खुद्द हिंकलीही मुलींना जमेल तेवढं शिका असंच सांगत, पण ते वाक्य कुणी फ्रेम करत नाही.

मिशनचं, म्हणजे धर्मप्रसाराच्या पूर्णवेळ सेवेचं, गणित २०१२ पासून बदललं. बायकांचं किमान वय २१ वरून १९ झालं आणि पुरुषांचं १९ वरून १८; २०२५ मध्ये बायकांचंही १८ झालं. बायका अठरा महिने जातात, पुरुष चोवीस. पूर्वी एकविशीपर्यंत लग्न न ठरलेली मुलगी मिशनला जाते, असं लोक गृहीत धरत. तो शिक्का आता बराच पुसलाय. मिशनला जायचं तर त्यासाठीच जावं. परत आल्यावर तीन महिन्यांत ‘आता पुढचं पाऊल’ असं बिशपपासून शेजारणीपर्यंत सगळे म्हणणार, हे धरून चालावं.

टेम्पलला नवऱ्याशिवाय

एकट्या बाईच्या प्रवासात सगळ्यांत महत्त्वाचं पाऊल हेच, आणि सगळ्यांत जास्त उशीरही इथेच होतो. एन्डाउमेंट हा टेम्पलमधला करारांचा विधी. जुना रिवाज असा की मुलीने तो मिशनच्या आधी नाहीतर लग्नाच्या आधी घ्यायचा. दोन्ही नसेल तर ‘थांब थोडी’. आताच्या नियमपुस्तिकेत तशी अट नाही. वय १८ पूर्ण हवं, शाळा संपलेली हवी, बाप्तिस्म्याला एक वर्ष झालेलं हवं आणि स्वतःची इच्छा हवी. एखाद्या जुन्या वळणाच्या बिशपने ‘लग्न ठरलं की बघू’ म्हटलं तर वाद घालू नये. नियमपुस्तिका सगळ्यांना खुली आहे. तो भाग फोनवर उघडून शांतपणे दाखवावा.

उशीर केला तर काय होतं? धाकट्या बहिणीचं लग्न टेम्पलमध्ये होतं आणि सीलिंगच्या खोलीत फक्त एन्डाउमेंट झालेल्यांना, हातात चालू रेकमेंड असलेल्यांना जाता येतं. थोरली बहीण बाहेर बाकावर बसते. मे २०१९ पासून नियम बदलला. आधी नागरी विवाह केला तर सीलिंगसाठी वर्षभर थांबावं लागायचं, ते आता लागत नाही. त्यामुळे काही घरांत सगळ्यांना बघता येईल असा विवाह आधी होतो. सगळीच घरं तसं करत नाहीत.

रेकमेंडसाठी दोन मुलाखती होतात, आधी बिशपची आणि मग स्टेक प्रेसिडेंटची (स्टेक म्हणजे अनेक वॉर्डांचा समूह). प्रश्न ठरलेले आहेत आणि २०१९ पासून जाहीरही आहेत, ते आधी वाचून जावं. शुचितेबद्दल प्रश्न येतो आणि उत्तर हो किंवा नाही एवढंच अपेक्षित असतं. त्यापलीकडे तपशील खोदले जाऊ लागले तर ‘ठरलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय’ एवढं म्हणायला हरकत नाही. बंद खोलीत एकट्या पुरुषासमोर बसायचं नसेल तर सोबत कुणी मोठं माणूस आणता येतं. ही सोय आहे, पण ती मागावी लागते. रेकमेंड दोन वर्षं चालतं. नूतनीकरण त्या दोघांच्या सल्लागारांकडूनही होतं, म्हणून संपायच्या महिनाभर आधी वेळ मागावी. शेवटच्या रविवारी बिशपच्या कार्यालयाबाहेर रांग असते.

प्रत्यक्ष दिवसासाठी टेम्पलमध्ये आधी वेळ ठरवावी लागते. बहुतेक टेम्पलं रविवार-सोमवारी बंद असतात. पहिल्या खेपेला तीन-चार तास लागतील असं धरावं. सोबत एन्डाउमेंट झालेली एक बाई लागते. आई असेल तर उत्तमच, नसेल तर रिलीफ सोसायटीतली कुणी जवळची. वधू एकटी येत नसते, त्यामुळे तिच्यासाठी हे सगळं घरचेच बघतात. एकट्या बाईने आठ दिवस आधी स्वतः यादी करावी: पांढरा पोशाख विकत घ्यायचा की तिथे भाड्याने मिळतो (फोन करून विचारावं), गार्मेंट, म्हणजे अंगात घालायची पवित्र वस्त्रं, कुठून आणि किती जोड घ्यायची. मापाचा अंदाज हमखास चुकतो. म्हणून आधी दोन प्रकारचे एकेक जोड घ्यावेत, धुऊन बघावेत आणि मगच डझनभर घ्यावेत. आतल्या विधीबद्दल आम्ही बाहेर बोलत नाही. एवढंच सांगते की तिथे बायकांचे काही विधी बायकाच करतात, आणि त्या सेवेसाठी लग्न झालेलं असणं लागत नाही. अनेक एकट्या बायकांना चर्चमधली सगळ्यांत शांत जागा तिथेच सापडते.

छत्तिसाव्या वर्षी

वय उलटलं की वाय-एस-ए वॉर्डातून बाहेर पडायचं. मैत्रिणींचं सगळं वर्तुळ एका वाढदिवसाला तुटतं. मोठ्या शहरांत मध्यमवयीन एकट्यांसाठीही वॉर्ड किंवा गट आहेत. तिथे बायका जास्त, पुरुष कमी. प्यू संशोधन केंद्राच्या २०१४च्या पाहणीत अमेरिकेतल्या मॉर्मनांमध्ये ५४ टक्के बायका होत्या. आकडा फार तिरका वाटत नाही, पण टिकून राहिलेले पुरुष लवकर लग्न करून बाजूला होतात आणि उरलेल्यांतले बरेच चर्चपासून दूर गेलेले असतात. त्यामुळे पस्तिशीनंतर प्रत्यक्षातली दरी त्याहून मोठी होते. आणि त्याच पाहणीत लग्न झालेल्या मॉर्मनांपैकी ८२ टक्क्यांचा जोडीदार मॉर्मनच होता. म्हणजे बाहेरची वाटही अरुंद.

आमचं मत स्पष्ट आहे: या वयात कुटुंबांच्या नेहमीच्या वॉर्डात जावं आणि तिथेच पाय रोवावेत. पहिले सहा महिने जड जातात. बाकांवर सहा-सहा जणांची कुटुंबं, मुलांच्या मांडीवर चिवड्यासारखं कोरडं सिरियल, आणि आपण टोकाला. दर रविवारी एकाच ठिकाणी बसावं, शक्यतो विधवा आज्यांच्या रांगेत. त्यांना माणूस हवं असतं, आणि वॉर्डात नेमकं काय चाललंय ते बिशपइतकंच त्यांना ठाऊक असतं.

कॉलिंग मागून घ्यावं. न मागता बसलं तर हमखास नर्सरी मिळते: ‘तुम्हाला स्वतःची मुलं नाहीत, म्हणून म्हटलं.’ हेतू चांगला असतो. पण दुसऱ्या तासात बाकीच्या बायका रिलीफ सोसायटीत बसतात तेव्हा नर्सरीतली बाई अठरा महिन्यांच्या पोरांबरोबर बुडबुडे उडवत असते, आणि आठवड्यातलं मोठ्या माणसांशी बोलण्याचं तेवढं एक निमित्तही जातं. स्वीकारायचं तर ‘किती महिने?’ असं आधीच विचारावं. रिलीफ सोसायटीचं अध्यक्षपद, रविवार-शाळेत मोठ्यांचा वर्ग शिकवणं, ही कामं एकट्या बाईला मिळू शकतात. पार वरपर्यंत उदाहरणं आहेत. शेरी ड्यू १९९७ ते २००२ या काळात रिलीफ सोसायटीच्या सर्वोच्च अध्यक्षमंडळात होत्या, बिनलग्नाच्या. २०२२ मध्ये आलेल्या क्रिस्टिन यी याही तशाच.

घरात याजकपद असलेला पुरुष नाही, याचे व्यावहारिक परिणाम होतात. आजारपणात डोक्याला तेल लावून द्यायचा आशीर्वाद शक्यतो दोघे पुरुष देतात. नवरा असला तर तो शेजाऱ्याला बोलावतो. एकटीने आपल्याला मिनिस्टरिंगसाठी, म्हणजे आपली विचारपूस करायला, कोण नेमलंय ते चर्चच्या सभासद ॲपमध्ये बघून ठेवावं आणि तब्येत बरी असतानाच एकदा ओळख करून घ्यावी. तापात पहिला फोन करणं फार अवघड जातं. नेमलेलं कुणीच नसेल तर एल्डर्स कोरमच्या, म्हणजे वॉर्डातल्या पुरुषांच्या संघटनेच्या, अध्यक्षाला सांगावं. ती यादी वर्षानुवर्षं शिळी राहते, त्यात एकट्या बायका पहिल्या गळतात. घर हलवायलाही हेच लोक येतात, शनिवारी सकाळी पिकअप घेऊन, पण दोन आठवडे आधी सांगितलं तर. रात्रीच्या सभेनंतर घरी सोडायचं मात्र अनेक लग्न झालेले पुरुष टाळतात, परक्या बाईबरोबर गाडीत एकटं बसायचं नाही म्हणून. मनाला लावून घेऊ नये, येतानाच जाण्याची सोय ठरवून यावं.

मे महिन्याचा दुसरा रविवार म्हणजे मदर्स डे. लहान मुलं गातात, ‘सगळ्या मातांनी उभं राहावं’ अशी सूचना होते, मग चॉकलेट किंवा फुलझाड. नंतर कुणीतरी धावत येऊन सांगतं, ‘अहो, सगळ्याच बायका आया असतात.’ त्यावर उपाय दोनच. एक, आधीच्या महिन्यात बिशपला सांगून उभं राहण्याची सूचनाच रद्द करून घेणं. बहुतेकजण लगेच मान्य करतात, त्यांच्या डोक्यातच आलेलं नसतं. दुसरा, त्या दिवशी आपल्या आईच्या वॉर्डात जाणं.

विधुराचं स्थळ

चाळिशीनंतर येणारी स्थळं बहुधा विधुराची नाहीतर घटस्फोटिताची. आमच्या चर्चमध्ये इथे एक जादा प्रश्न असतो, आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच विचारावा: सीलिंगचं काय? सीलिंग मृत्यूनंतरही टिकतं अशी श्रद्धा आहे. पहिली बायको वारल्यावर पुरुष दुसरीशी सील होऊ शकतो, पहिलं सीलिंग कायम ठेवून. जिवंत बाई मात्र एकाच पुरुषाशी सील होऊ शकते. आधी सील झालेली घटस्फोटिता पुन्हा सील व्हायचं म्हणते तेव्हा तिला पहिलं सीलिंग रद्द करून घ्यावं लागतं, आणि ती मंजुरी थेट फर्स्ट प्रेसिडेन्सीकडून, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च अध्यक्षमंडळाकडून, येते. घटस्फोटित पुरुषालाही परवानगी लागते, पण त्याचं जुनं सीलिंग त्यामुळे सुटतंच असं नाही. म्हणजे विधुराशी लग्न करताना अनंतकाळात आपण दुसऱ्या असणार, हे आधी पचतंय का ते बघावं. काहींना पचतं, काहींना नाही. लग्नानंतर हा विषय काढला तर तो मत्सर ठरतो, म्हणून आधीच काढावा.

सांत्वन म्हणून लोक हमखास दोन नावं सांगतात. २०१८ ते २०२५ अध्यक्ष असलेल्या नेल्सन यांनी विधुर झाल्यावर २००६ मध्ये वेंडी वॉटसन यांच्याशी लग्न केलं. त्या तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या, पहिलंच लग्न, आणि तोवर विद्यापीठात विवाह व कुटुंब समुपदेशन शिकवत होत्या. नेल्सन यांच्यानंतर अध्यक्ष झालेले डॅलिन ओक्स यांनीही २००० मध्ये पन्नाशीतल्या क्रिस्टन मॅकमेन यांच्याशी दुसरं लग्न केलं, त्यांचंही पहिलंच. गोष्टी खऱ्या आहेत. सांगणाऱ्यांच्या मात्र लक्षात येत नाही की यातून ‘अजून थांब’ एवढंच ऐकू जातं. वेंडी वॉटसन यांनी त्याआधीची तीस वर्षं काय केलं, हे विचारणारं कुणी भेटत नाही.

म्युच्युअल हे मॉर्मनांचं खास ॲप. यूटा, आयडाहो, ॲरिझोना सोडलं तर अंतराची मर्यादा वाढवावीच लागते, मग विमानाची तिकिटं आणि महिन्यातून एक भेट. श्रद्धेबाहेरच्या माणसाशी लग्न केलं तर रेकमेंड जात नाही, फक्त सीलिंग होत नाही. तो पुढे चर्चमध्ये आला तर बाप्तिस्म्यानंतर वर्षाने करता येतं. मात्र पुढे येईलच असं धरून लग्न करू नये.

एक शेवटचं काम राहतं, ते चाळिशीतच करून टाकावं. एन्डाउमेंट झालेल्या बाईला टेम्पलच्या पोशाखात पुरता येतं, आणि तो पोशाख तिच्या अंगावर एन्डाउमेंट झालेल्या बायकांनी चढवायचा असतो. नवरा-मुलं असली की ते रिलीफ सोसायटीच्या अध्यक्षांना फोन करतात. एकटीच्या बाबतीत हा फोन बऱ्याचदा चर्चमध्ये नसलेला भाऊ किंवा ऑफिसातली मैत्रीण करते, आणि त्यांना काय मागायचं तेच माहीत नसतं. म्हणून पूर्ण पोशाख एका पिशवीत, कपाटाच्या ठरलेल्या खणात ठेवावा. वर कागद लावावा: वॉर्डाचं नाव, रिलीफ सोसायटीचा फोन नंबर, आणि कुणी पोशाख चढवावा अशी इच्छा आहे त्या दोघींची नावं. अध्यक्ष दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. रेकमेंडचं नूतनीकरण कराल त्याच दिवशी तो नंबरही बदलून ठेवा.